दत्तानं काढून ठेवलेलं रीळ

दत्ता गेल्याचं त्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी फक्त "बरं" म्हणालो. नंतर समोरचा चहाही संपवला. त्याला आता दीड महिना झाला, अजून डोळ्यांतून टिपूस नाही... असा कसा दगड झालो, कळत नाही.

दत्ता रिसोडच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर, मी जवळच्याच शिरपूरला मास्तर. आमची दोस्ती जमली ती एका भव्य युद्धपटावरून. तीन आठवडे चालला होता. लढाई काय घेतली होती त्यात! रणगाडे, हजारो जवान, आणि धूळ अशी की पुढच्या बाकांवरचे लोक डोळे चोळायचे. पण त्यातला एक दोष मी चाळीस वर्षं सांगत आलो, वर्तमानपत्राच्या या पुरवणीतही लिहिला. एक कोवळा शिपाई त्या धुळीत शिरतो आणि नाहीसाच होतो. जगला की मेला, पत्ता नाही. दिग्दर्शक त्याला चक्क विसरला, असं माझं म्हणणं. एरवी कशावरही भांडणारा दत्ता यावर मात्र तंबाखू मळत बसायचा.

शेवटच्या भेटीत, खाटेवर पडल्या पडल्या, त्यानंच विषय काढला.

"गुरुजी, थो दोष सिनेमाचा नव्हता. थ्या शिपायाच्या घरी तो मेल्याची तार येते ना, थे रीळ मीच काढून ठेवत होतो."

"काहून रे?"

"माय रोज येत जाय. तिले वाटे, थे पोरगं अजून जित्तं हाय."

त्याचा थोरला भाऊ फौजेत होता, सरहद्दीवर मारला गेला, हे मला ठाऊक होतं. त्याची आई तीन आठवडे रोज दुपारच्या खेळाला येऊन बसायची, हे ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी सगळ्या रिसोडनं तो सिनेमा अर्धवट पाहिला, आणि मी दिग्दर्शकाच्या नावानं बोटं मोडत राहिलो. फार लाज वाटली.

घरी येऊन मोबाइलवर अख्खा सिनेमा पाहिला. तार येते, आई ऊर बडवून घेते, व्हायोलिनं काही थांबत नाहीत. एवढ्या मोठ्या सिनेमातला सगळ्यात कच्चा भाग तोच. रविवारी जाऊन दत्ताला हे सांगायचं ठरवलं होतं. शुक्रवारी फोन आला.

परवा त्याच्या खोलीत जाऊन बसलो. खिडकीत फिल्म जोडायच्या सोल्यूशनची बाटली आहे, आतलं केव्हाच वाळलंय. मी मोठ्यानं म्हणालो, "दत्ता, तू दाखवला थोच सिनेमा चांगला होता."

वहिनींनी आतून विचारलं, काय म्हनता भाऊजी?

काही नाही म्हणालो, आणि तसाच बसून राहिलो.