पुठ्ठ्यांचं न्यूजरील

माझी नात टीव्हीवर एक कार्टून बघते. त्यातली चित्रं सिनेमातल्या नटांच्या नकला करतात, जाहिरातींची टर उडवतात आणि मध्येच कोट घातलेला एक बोका घोगऱ्या, गंभीर आवाजात बातम्या देतो. नात लोळून लोळून हसते. मी उठून आत जातो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला विनोद कळत नाही. विनोद मला चांगला कळतो. पण त्या बोक्यानं घसा साफ केला की मला तिथं बसवत नाही, आणि पन्नास वर्षं होऊन गेली तरी ते बदललेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी खर्ड्याच्या अलीकडच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होतो. वय तेवीस. मूळचा केडगावचा, नगरच्या थेटरांत पिक्चर बघून शेफारलेला. नोकरी हंगामी होती. कायम झाल्याची ऑर्डर आज निघेल, उद्या निघेल, असं वर्षभर चाललं होतं. घरी आई, दोन बहिणी, आणि कमावणारा मी एकटा. त्यामुळे पोस्टमन दिसला की छाती धडधडायची आणि साहेब दिसला की त्याहून जास्त.

एक गोष्ट मात्र मला फार छान जमायची. नकला. त्यातही न्यूजरीलच्या आवाजाची. तेव्हा सिनेमाच्या आधी सरकारी न्यूजरील दाखवायचे. अमुक पुढाऱ्यानं धरणाची कोनशिला बसवली, तमुक ठिकाणी पूरग्रस्तांना कपडे वाटले, आणि त्यावर एक भारदस्त आवाज, जणू आभाळातूनच कोणी बोलतंय. यात्रेच्या दिवसांत गावाबाहेर तंबूतला सिनेमा यायचा. ज्यांना तिकीट परवडत नसे ती माणसं तंबूच्या कापडाला टेकून बाहेर बसत आणि अख्खा सिनेमा कानांनी बघत. हे मला माहीत होतं. माहीत असून मी विचार केला नाही, हाच माझा गुन्हा.

एप्रिलात सातवीच्या मुलांचा निरोप समारंभ ठरला. गाव वाळून कोळ झालं होतं. बायाबापड्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. मुलं दुष्काळी मदतीतली सुकडी खाऊन शाळेत यायची आणि दुपारपर्यंत मलूल व्हायची. मी हेडमास्तरांना म्हणालो, पोरांना एकदा पोटभर हसू द्या. मी आणि सातवीच्या मुलांनी वह्यांचे पुठ्ठे कापून माणसं केली. कोपरात, मानेत टाचण्या खोचल्या, मागून दोरे बांधले. पांढऱ्या धोतराचा पडदा, मागे पेट्रोमॅक्स. सोसायटीचं गोडाऊन रिकामंच पडलं होतं; दारं लावली की भर दुपारी आत अंधार व्हायचा.

आमच्या हिरोचे केस कपाळावर भजीसारखे फुगलेले. तो पावसातलं गाणं म्हणायला यायचा आणि टँकर आला नाही म्हणून परत जायचा. खलनायक सिगारेट पेटवायला काडी मागत पडदाभर फिरायचा. आणि आमचा पुढारी! त्याच्या पुठ्ठ्याच्या हाताला एकच हालचाल येत होती, फीत कापण्याची. समोर नवरदेव आला तरी तो त्याच्या मुंडावळ्या कापायचा.

त्या दिवशी गावचा बाजार, म्हणून कामाला सुट्टी होती. गोडाऊन गच्च भरलं. सरपंच, पाटील, सोसायटीचे लोक पुढे सतरंजीवर, पोरं त्यांच्या मांडीवर. मी मंडपवाल्याकडून माइक आणि बॅटरीवरचा कर्णा आणला होता. कर्णा दाराबाहेर लिंबाच्या झाडाला बांधला. आत माझा आवाज पोचत नव्हता असं नव्हे. बाहेरही ऐकू जावा असं मला वाटत होतं. हौस, दुसरं काय.

बाहेर, भिंतीच्या सावलीत, शाळेत पाणी भरणाऱ्या मावशी बसल्या होत्या. त्या बौद्ध वस्तीत राहायच्या. त्यांच्याबरोबर वस्तीतली दोन-तीन म्हातारी माणसं होती. वस्तीतली पोरंही आत आलेली नव्हती, पण ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. त्यांना कुणी बाहेर बसा म्हटलं नव्हतं. आत या असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी दारं लावताना मावशींना बघितलं, त्या हसल्या, मीही हसलो आणि दार ओढून घेतलं.

मग मी घसा साफ केला आणि न्यूजरील सुरू केलं. ती बातमी मी आजही एक शब्द इकडचा तिकडे न करता म्हणू शकतो. ‘खर्डा. येथील ऐतिहासिक किल्ल्यात धान्याचे प्रचंड भांडार सापडले आहे. दुष्काळग्रस्त जनतेला या धान्याचे वाटप उद्या सकाळपासून किल्ल्याच्या मुख्य दरवाज्यात करण्यात येईल. नागरिकांनी येताना रिकामी पोती सोबत आणावीत.’

पडद्यावर पुढारी आला. पुढाऱ्याहून मोठं पोतं आलं. त्यानं फितीसारखं पोत्याचं तोंड कापलं आणि आतून पडले नुसते हार. हारामागून हार, हारामागून हार, शेवटी पुढारी हारांखाली गाडला गेला आणि वर फक्त त्याचा कापणारा हात हलत राहिला. गोडाऊन फुटेल असं लोक हसले. सरपंच डोळे पुसत होते. पाटलांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी त्या दिवशी जेवलोही नाही, इतका खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा. पाण्याचं पिंप कोरडं. मावशींचा कधी खाडा नसायचा. दीड मैलावरच्या विहिरीतून त्या पाणी आणत, पण प्रार्थनेच्या आत पिंप भरलेलं असे. हजेरी घेताना वस्तीतलं एकही मूल ‘हजर’ म्हणेना. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी बोलली, ‘गुर्जी, ती समदी खर्ड्याला गेल्यात. किल्ल्यात धान्य वाटनार हायेत. मावशीनं घरोघर सांगितलं.’

माझ्या हातातलं हजेरीपुस्तक खाली पडलं. मुलं हसली. हजेरी तशीच अर्धी टाकून मी वर्गाबाहेर पडलो.

मी हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी आधी दार लावलं. मग हळूच म्हणाले, ‘तुम्ही तिकडं अजिबात जाऊ नका. अफवा पसरवली म्हणून गुन्हा दाखल होतो, माहीत आहे? दुष्काळाच्या दिवसांत तर फारच. आवाज तुमचा होता हे त्या लोकांना कुठं ठाऊक आहे? ऑर्डर यायची आहे तुमची. गप बसा, दोन दिवसांत विसरतील.’

मी गप बसलो. खरं सांगायचं तर अर्धा तास बसलो. फळ्यावर गणित घातलं आणि ते मलाच सुटेना. वस्तीतली माणसं मला ओळखत होती ती पोरांना शिकवणारा गुरुजी म्हणून. पडद्यामागचा मी त्यांना दिसलोच नव्हतो. कुणाला कळणार नव्हतं. ही गोष्ट मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो, आणि दर वेळी उन्हात रिकामं पोतं घेऊन चाललेल्या मावशी डोळ्यांपुढे येत होत्या. शेवटी मी सायकल काढली. धाडसानं नव्हे. वर्गात बसून जी भीती वाटत होती ती रस्त्यावरच्या भीतीपेक्षा जास्त होती, एवढंच.

रस्त्यावर उन्हानं डांबर चिकट झालं होतं. खर्डा तीन कोस. अर्ध्या वाटेत एक म्हातारा बाभळीखाली बसलेला दिसला, डोक्यावर दुमडलेलं पोतं. मला बघून म्हणाला, ‘गुर्जी, संपलं का वो समदं? मला जरा उशीर झाला.’ मी पायडल मारत पुढे निघून गेलो. आज लिहितानाही लाज वाटते. त्याला ‘बाबा, माघारी फिरा’ एवढंही मी म्हणालो नाही.

किल्ल्याची तटबंदी दिसली तेव्हा मी सायकलवरून उतरलो. वाटलं, गर्दी नसू दे. कोणी आलंच नसू दे. दरवाज्यासमोर शंभरभर माणसं होती. नुसती आमच्या गावची नव्हे. वाटेतल्या वस्त्यांवरचीही त्यांच्यामागून आली होती. एका हवालदाराला कुणीतरी बोलावून आणलं होतं आणि तो काठी आपटत ‘धान्य नाही, घरी जा’ असं ओरडून दमला होता. लोक त्याच्याकडे बघतच नव्हते. सगळे एका बाजूला गोल करून उभे होते. गोलाच्या मध्ये मावशी होत्या.

‘तुझ्यापायी आजचा खाडा पडला आमचा,’ एक बाई ओरडत होती. ‘मुकादम उद्या कामावर घ्येईल का?’

‘म्या ह्या कानांनी ऐकलं,’ मावशी म्हणत होत्या. ‘शपथ घ्येते. कर्न्यातून सरकारचा मानूस बोलत व्हता.’

‘सरकार तुलाच बरं सांगतंय!’ एका गड्यानं त्यांचं पोतं हिसकून फेकलं. ‘खोटारडी म्हातारी!’

त्यांच्याबरोबर भिंतीशी बसलेला एक म्हातारा त्याच गर्दीत उभा होता. मावशींनी त्याच्याकडे बोट केलं, ‘इचारा यांना.’ तो खाली बघत पुटपुटला, ‘मला न्हाई बा नीट ऐकू आलं. हीच म्हनाली.’ त्याचा राग करायला मला तोंड नव्हतं. मीही तेच करायला निघालो होतो.

तो गडी पुढे सरकला. मावशींचा पदर डोक्यावरून घसरला होता, ओठांना चिरा पडल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. आपण खोटं बोललो नाही एवढं त्यांना कुणीतरी मान्य करायला हवं होतं, आणि ते मान्य करू शकणारा एकच माणूस सायकल धरून गर्दीच्या कडेला उभा होता. मागे वळलो असतो तर कुणी बघितलंही नसतं. मी सायकल वळवलीही. पुढचं चाक फिरलं होतं, हे मला पक्कं आठवतं. तेवढ्यात मावशींनी मला पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडून म्हणाल्या, ‘ह्ये बगा गुर्जी आलं. गुर्जी सांगतील. गुर्जी, तुमी व्हता ना आत?’

शंभर माणसं माझ्याकडे वळली.

मी म्हणालो, ‘मावशी खरं बोलतायत. तो मी होतो.’ माझा आवाज इतका बारीक निघाला की पुढच्या दोघांनाच ऐकू आला. ते म्हणाले, ‘गुर्जी, तुमी हिला वाचवाया बघताय.’ हवालदार म्हणाला, ‘मास्तर, तुम्ही यात पडू नका.’ मी शपथ घेतली, पुठ्ठ्यांचं सांगितलं, पडद्याचं सांगितलं. कुणाला काही कळेना. तो सरकारी आवाज आणि समोर घामानं निथळणारं हे काटकुळं पोरगं, यांची सांगड त्यांना लागेना.

एकच उपाय उरला होता. मी सायकल स्टँडवर लावली. दोनदा तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. तिसऱ्यांदा तो आवाज आला, आदल्या दिवशीसारखाच, भारदस्त, एक कंप नसलेला. ‘खर्डा. येथील ऐतिहासिक किल्ल्यात धान्याचे प्रचंड भांडार सापडले आहे.’ मी पोत्यांपर्यंत सगळं म्हटलं. समोर मावशी उभ्या होत्या आणि आवाज मात्र ऐटीत चालला होता. मला स्वतःचीच भीती वाटली.

मला वाटलं होतं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ज्या गड्यानं पोतं फेकलं होतं त्यानं ते उचलून, झटकून मावशींच्या हातात दिलं. हवालदारानं माझं नाव आणि शाळा लिहून घेतली. पुढे चौकशी झाली, लेखी माफी झाली, ऑर्डर दोन वर्षं अडकली. त्या दोन वर्षांत मी पोस्टमनला इतका घाबरलो की तो दिसला की मागच्या दारानं बाहेर जायचो. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा फक्त लोक पोती खांद्यावर टाकून, माझ्या अंगाला अंग लागू न देता, बाजूने निघून गेले.

मी मावशींना सायकलवर बसा म्हटलं. त्या बसल्या नाहीत. आम्ही चालत निघालो, मी सायकल ढकलत. त्या रिकाम्या पोत्याची घडी काखेत धरून चालत होत्या. शिव्या देतील म्हणून मी वाट बघत होतो. मग त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, ‘मंजी आत समदे हसत व्हते, त्ये त्या बातमीला?’

‘हो,’ मी म्हणालो.

‘मला वाटलं, धान्य घावलं म्हून हसत्यात,’ मावशी म्हणाल्या. ‘म्हून म्या बी हसले.’