अस्वलिणीचं बोलणं

दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या सरांना शाळेत सगळे अस्वलसर म्हणत, आणि ते काही त्यांच्या अंगापिंडामुळे नव्हे. माणूस तसा काडी पैलवान. रोज सकाळी मुलं यायच्या आत ते फळ्यावर एका अस्वलाच्या गोष्टीच्या चार ओळी लिहून ठेवत. पुढे काय झालं ते तोंडाने कधीच सांगत नसत. ज्याला आधी जमेल त्याने उभं राहून मोठ्याने वाचायचं, आणि कुणी अडलं तर बाकीच्यांनी फक्त पहिलं अक्षर सांगायचं, अख्खा शब्द नाही, हा नियम. ढ म्हणून सोडून दिलेली कित्येक पोरं वीस वर्षांत या अस्वलामागे धावत वाचायला शिकली होती.

गोष्टीतलं अस्वल तसं भोळसट. खरी गंमत अस्वलिणीची. "अहो, चष्मा कपाळावर आहे आणि घरभर काय शोधताय?" असं ती फाडफाड बोलायची आणि वर्ग गडाबडा लोळायचा. ही वाक्यं सरांच्या डोक्यातली नव्हतीच. घरी बायको जे बोलायची तेच ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर उतरवत. तिलाही ते ठाऊक होतं. "आज माझं काय चोरलंत?" असं ती रोज संध्याकाळी विचारायची.

दिवाळीच्या सुट्टीत ती गेली. चार दिवसांचा ताप, बस्स.

शाळा उघडली तेव्हा सरांनी फळ्यावर लिहिलं, 'अस्वलीण बहिणीकडे गेली आहे.' मग अस्वल एकटंच मध शोधू लागलं, एकटंच नदीवर जाऊ लागलं. अस्वलिणीसाठी सर खडू उचलत, पण आता चोरायचं कुणाकडून? स्वतः रचलेलं वाक्य त्यांनाच खोटं वाटे, आणि घरात तर भांड्याला भांडंही लागत नव्हतं. मधल्या सुट्टीत मुलं डबे उघडून बसत तेव्हा सर रिकाम्या हाताने खिडकीशी उभे असत.

मुलांचा उत्साह हळूहळू आटला. मागच्या बाकावरच्या पिटुकलीने तर वाचणंच सोडलं. वर्गात ती सगळ्यात उशिरा वाचायला लागली होती, तीही अस्वलिणीपायी.

"ती आली की वाचीन," तिने सांगून टाकलं.

असंच चाललं तर पोरगी होतं नव्हतं ते विसरून बसेल, हे सरांना कळत होतं. तरी हात चालत नव्हता.

एका सोमवारी त्यांना अंथरुणातून उठवेना. वर्गात पोचले तेव्हा घंटा होऊन गेली होती आणि फळ्यावर कुणीतरी आधीच लिहिलं होतं. वाकडीतिकडी अक्षरं, अगदी खालच्या कडेला. पिटुकलीचा हात तेवढाच पोचायचा.

'अहो, डबा का नेत नाही? तोंड बघा केवढंसं झालंय. अस्वलीण.'

"सर, आज तुम्ही वाचायचं," पिटुकली म्हणाली. "आम्ही कुणी वाचणार नाही."

सर फळ्यासमोर उभे राहिले. पहिलाच शब्द, दोन अक्षरांचा. पण तो काही तोंडातून निघेना. तीन महिन्यांत त्यांना या शब्दाने कुणी हाक मारली नव्हती, आणि आता मारणारं कुणी उरलं नव्हतं.

पिटुकलीने जरा वाट पाहिली. मग नियमाप्रमाणे, अख्खा शब्द न सांगता, ती हळूच म्हणाली, "अ..."