झोळीवाल्या मावशी

झोळीवाल्या मावशी कधी नीट टेकून बसल्या नाहीत. कडुलिंबाखाली आमची पोरं साडीच्या झोळ्यांत झोपलेली असायची आणि त्या शेजारी उकिडव्या, कुणी हाक मारली की उठायच्या तयारीत. चेहऱ्यावर भाव असा, की आपण इथं बसून काहीतरी चोरतोय.

नातेपुत्याजवळच्या आमच्या गावात रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम निघालं होतं. आम्ही बाया मातीच्या पाट्या उचलायचो. कामावर लहान मुलं असली तर ती सांभाळायला एक बाई ठेवायची आणि तिलाही मजुरी द्यायची, असं कायद्यातच आहे. गावच्या रोजगार सेवकानं मावशींचं नाव घातलं. त्या एकट्याच राहायच्या, साठी ओलांडलेली, पाटी झेपत नव्हती.

पण त्यांना ते पटेचना. "पोरं खेळवायची मजुरी? कायतरी चुकलं आसंल तुमचं."

"न्हाय मावशी, कायदाच हाय तसा."

"मग मी माजी पोरं वाढवली, तवा कुटं हुता ह्यो कायदा?"

सेवकानं हजेरीपट पुढं करून त्यांचा अंगठा घेतला.

पोरं झोपली की मावशी हळूच येऊन माझ्या पाटीला हात लावायच्या. मी म्हणायची, "मावशी, तुमचं काम तिकडं हाय." त्यावर त्या म्हणायच्या, "ते काम न्हवं गं. ते आपलं आसंच."

एकदा तालुक्याहून एक साहेब पाहणीला आले. त्यांनी मावशींना विचारलं, "तुमचं काम काय?"

मावशी गडबडून उभ्या राहिल्या. "काय न्हाय सायब. बसून हाय."

"यांचं नाव काढा," साहेब म्हणाले. सेवकानं नियम सांगून पाहिला, त्यांनी ऐकलं नाही. मावशींनी मुकाट मान डोलावली, जणू सुटल्याच.

साहेब गाडीकडे निघाले, तशी माझ्याबरोबरच्या पारूनं आपलं पोर झोळीतून काढून कडेवर घेतलं. मी माझ्या गौरीला उचललं. बघता बघता आम्ही सगळ्या पोरं घेऊन त्यांच्या वाटेत उभ्या राहिलो.

"आता पाटी कशी उचलायची, सांगा की सायब," पारू म्हणाली.

झोपमोड झालेली पोरं एकदम रडायला लागली. तेवढ्यात मावशी धावत आल्या, एकेकाला आमच्या कडेवरून घेऊन गेल्या, आणि रडणं थांबलं. साहेब बघत राहिले. मग "राहू द्या नाव," एवढंच म्हणून गाडीत बसले.

मावशी आमच्यावरच भडकल्या. "माज्यापायी लेकरांची झोप मोडली व्हय!" आणि तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, कळलं नाही.

पुढं काम संपलं. माझ्या नवऱ्याला सोलापुरात, भवानी पेठेत, कपडे शिवायच्या कारखान्यात काम लागलं. आम्ही निघताना मावशी स्टँडवर आल्या. एसटी लागली तरी गौरी त्यांचा गळा सोडेना. ती त्यांनाच "आई, आई" म्हणून बिलगली होती. मी रिकामे हात पुढं करून उभी. वाईट वाटून घ्यावं की मावशींच्या पाया पडावं, मला समजत नव्हतं.

शेवटी मावशींनीच तिची बोटं सोडवली. "आई ती बग की तुजी," म्हणाल्या आणि तिला माझ्याकडे देऊन पाठ फिरवली.

गेल्या वर्षी मावशी गेल्याचा निरोप आला. गौरी आता शाळेत जाते. तिला सांगितलं तर म्हणाली, "कोण गं मावशी?"

सांगायला म्हणून मी तिला जवळ घेतलं, आणि कुठून सुरुवात करावी, तेच कळेना.