टेलर साळ्याची उसवलेली शिवण

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाइतका लाजाळू माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही. मी चौथी नापास आहे, पण हे म्हणणं कोणी खोडून दाखवावं. इंझोरीत त्याचं शिलाईचं दुकान. तेव्हा पोरं आखूड शर्ट आणि खाली रुंद पायांच्या पँटी मागायची, तशा तो शिवून द्यायचा; स्वतः मात्र गुडघ्यापर्यंत लोंबणारा काळा सदरा घालायचा. "टेलर, कापड उरलं होतं काय?" लोक विचारायचे. तो दातात सुई धरून हसायचा, म्हणजे बोलावं लागत नसे. सकाळी गावातले बाप्ये टमरेल घेऊन गप्पा मारत एका बाजूला जायचे, तर हा बारा महिने छत्री घेऊन उलट्या बाजूला, नाल्याकाठच्या बाभळीमागं. छत्री उघडून तिच्या आडोशाला बसायचा. कोणाच्या लग्नाच्या वऱ्हाडात आला तर दिवसभर पाणीच पीत नसे. इतकी वर्षं हा एकाच बाभळीखाली एकटा बसतो, म्हणजे तिथं गुप्तधन असणार, असं गावानं ठरवलं. चार जणांनी अमावास्येच्या भरदुपारी लिंबू कापून तिथं कमरेइतका खड्डा खणला. काय निघालं असेल ते तुम्हीच समजा. यानं खड्डा पाहिला, "मले काहून नाही विचारलं?" म्हणाला आणि पुढची बाभूळ धरली. मीही त्याला शिष्टच समजत असे.

वय बत्तीस झालं तरी आलेली स्थळं तो परतवायचा. मग आसेगावची एक मुलगी झंपर शिवायला आली. यानं काजं केली डावीकडं आणि बटनंही डावीकडंच लावली. "टेलर, ध्यान कुठी आहे तुमचं?" ती सगळ्यांसमोर म्हणाली. त्याच आठवड्यात तो माझ्याकडं आला. तिच्याशी लग्न करतो म्हणाला, पण आधी मला नागपूरला न्या. गोठ्यामागं नेऊन त्यानं सांगितलं. जन्मापासून लघवीचं छिद्र भलत्याच जागी, खालच्या अंगाला. लहानपणी ऑपरेशन झालं, पण टाके उसवले, एकाची दोन छिद्रं झाली. बसल्याशिवाय भागत नव्हतं, तरी सदरा भिजायचा. "भाऊजी, बायकोले काय सांगू?" मी दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन नागपूरची गाडी धरली.

नागपूरच्या डॉक्टरनं तपासून लहानपणीचे कागद मागितले. "माय नेत होती साहेब, माय वारली." डॉक्टर म्हणाला, जुन्या व्रणांनी कातडी आखडली आहे, दोनदा करावं लागेल, मध्ये सहा महिने, आणि पूर्ण नीट होईलच असं नाही.

"म्हंजे कापड कमी आहे," हा म्हणाला. "मंग जोड कुठून देता?"

"बाजूच्या कातडीची."

"सैल ठेवजा साहेब. पयल्यानं तंग शिवलं होतं."

डॉक्टर चष्मा काढून हसला.

पहिलं ऑपरेशन झाल्यावर मी आसेगावला मुलीच्या बापाकडं स्थळ घेऊन गेलो. सहा-आठ महिने थांबा म्हणालो. "काहून? पोराले काय रोग आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं. रोग नव्हता. जन्माचा दोष होता आणि दुरुस्त होऊन राह्यला होता. सांगायला दोन वाक्यं लागली असती. पण मला अब्रू आडवी आली. "थांबायचं तर थांबा," म्हणून मी ताडकन उठलो. हा दुसऱ्या ऑपरेशनसाठी नागपुरात पडून असताना तिचं लग्न लागलं. मला कळलं होतं. त्याला सांगितलं नाही.

लघवीला लावलेली नळी निघाल्यावर आम्ही परतलो, मंगरूळपीरच्या स्टँडवर उतरलो. तो मुतारीत गेला, लवकर येईना, म्हणून मी दाराशी जाऊन पाहिलं. दोन ड्रायव्हरांच्या मधोमध, भिंतीकडं तोंड करून हा उभा होता. बाहेर आला तो डोळे पुसतच.

"भाऊजी, उभ्यानं! एखादा थेंब बाजूनं येते, पण उभ्यानं! आता असेच आसेगावले जा. म्हणा, पोरगा तयार आहे."

मी समोरच्या गाडीच्या पाटीकडं पाहत त्याला तिचं लग्न लागल्याचं सांगितलं. तो बाकावर बसला. आसेगावची गाडी भरली, निघून गेली.

"तिच्या बापाले सांगतलं होतं तुमी, मले काय होतं ते?"

"नाही."

"बरं केलं," तो म्हणाला. मग अगदी हळू, "पण तिले सांगाले पायजे होतं भाऊजी. ती थांबली असती."

मी उभ्या जन्मात कोणाचं ऐकून घेतलं नाही. त्याचं तेवढं घेतलं.