टोलाबाईचे तीन टोले

माझी आत्या रेल्वेत घंटा वाजवायची. हे सांगितलं की लोक पुढच्या वाक्याची वाट पाहतात. पुढचं वाक्य नाही. एकोणीस वर्षं तिनं एका लहानशा थांब्यावर घंटा वाजवली, हिरवं निशाण दाखवलं, फलाट झाडला आणि गाव तिला टोलाबाई म्हणत आलं.

घंटा म्हणजे खरं तर रुळाचा हातभर तुकडा. फलाटाच्या कडेला लोखंडी चौकटीत तो साखळीनं टांगलेला असे आणि शेजारी दोरीला एक जाडजूड बोल्ट बांधलेला. मागच्या स्टेशनातून गाडी निघाली की तिथला मास्तर फोन करायचा, "सोडली." आत्या म्हणायची, "घेतली." मग बाहेर येऊन ती तीन टोले द्यायची. तिसरा जरा जोरात, कारण गावातलं शेवटचं घर ओढ्यापलीकडे होतं. टोल्यानंतर बरोबर बारा मिनिटांनी गाडी येई. सगळं गाव या बारा मिनिटांवर बेतलेलं होतं. चहा घोटभर उरला असताना टोले पडले, तर तो निवांत संपवता येई. कप नुकताच हातात आला असेल तर बशीत ओतावा लागे. घड्याळ कुणी बघत नसे.

आणि आतोबा घड्याळजी होते.

त्यांचं दुकान थांब्यासमोरच्या रस्त्यावर, एका खोलीचं. काचेच्या टेबलामागे डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर बसत आणि बहुतेक वेळा एकच घड्याळ उघडत. ते त्यांचं स्वतःचं असे.

"माझ्यामुळे गाव वेळेवर चालतं, म्हणून तुमचं दुकान चालत नाही," आत्या म्हणायची.

"म्हणूनच तर तुझ्याशी लग्न केलं. धंद्यातला शत्रू घरात असलेला बरा."

खोटा टोला आत्यानं आयुष्यात एकदाच दिला, तोही नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. एक शेळी चौकटीखाली उभी राहून बोल्टाची दोरी चघळत होती. तिला हाकलायला आत्यानं बोल्ट उगारला, शेळी निसटली आणि रुळावर टोला बसला. हाताला सवय अशी की पुढचे दोनही पडून गेले. पाच मिनिटांत चाळीसेक माणसं फलाटावर हजर. त्यांत गळ्यात टॉवेल असलेले, अर्धी दाढी झालेले एक गृहस्थ होते. गाडीला अजून पाच तास होते. सगळे आले तसे परत गेले. त्या दिवसापासून ते गृहस्थ आत्याला पाहून रस्ता बदलतात आणि आत्यानं मागच्या स्टेशनातून फोन आल्याशिवाय बोल्टाला हात लावलेला नाही.

मग पुढच्या नदीवरच्या पुलाचा तिसरा खांब कलला. फलाटावर कागद लागला : पुढील आठ दिवस गाड्या बंद. कागद उन्हानं पांढरा झाला, त्यावरची अक्षरं गेली, आठ दिवस मात्र संपले नाहीत. सातव्या महिन्यात रुळांचा चकचकीतपणा जाऊन ते विटकरी झाले. मधल्या खडीतून गवत वर आलं आणि त्याला बारीक जांभळी फुलंही आली. आत्या रोज फलाट झाडत होती. झाडायला तिथं माणसांचा कचरा नव्हता, फक्त पानं होती.

गाडीऐवजी बस सुरू झाली. वेळापत्रकात तिची वेळ गाडीचीच लिहिली होती, आठ चाळीस. ती साडेआठ ते नऊच्या दरम्यान कधीही यायची आणि फलाटावर नाही, तर धान्याच्या गोदामामागच्या मोठ्या रस्त्यावर दोन मिनिटं थांबायची. फलाटावरून ती दिसत नसे. लोक चहाच्या टपरीवर बसून टोल्यांची वाट पाहत. टोले पडत नसत, कारण बस रुळावरून येत नव्हती. बस निघून जाई. मग पडेल त्या टेम्पोला हात दाखवत लोक शपथेवर सांगत, "बस थांबतच नाही." चालक शपथेवर सांगे, "त्या गावात माणसंच नाहीत." दोघंही प्रामाणिक होते.

या सात महिन्यांत आतोबांकडे अकरा घड्याळं दुरुस्तीला आली. टोले नाहीत म्हटल्यावर लोकांनी कपाटातली जुनी घड्याळं बाहेर काढली होती. आतोबांनी गिऱ्हाइकांसाठी दुसरं स्टूल आणलं. जेवताना ते शीळ घालू लागले.

"घाला, घाला शीळ," आत्या म्हणाली. "माझा पूल पडला, तुमचा बांधून झाला."

अशात वरून पत्र आलं. मंगळवार ते गुरुवार, सकाळच्या बसमध्ये प्रत्येक थांब्यावर चढणारी माणसं मोजली जातील. सरासरी पंधराच्या खाली गेली तर तो थांबा वगळला जाईल, आणि पूल झाल्यावर गाडीही तिथं थांबणार नाही. कर्मचाऱ्याची बदली जंक्शनच्या पार्सल विभागात.

"तिथं घंटा आहे का?" आतोबांनी विचारलं.

"भोंगा आहे. आपोआप वाजतो."

पत्राची घडी घालून आत्यानं ती किल्ल्यांच्या डब्याखाली ठेवली आणि मघाशीच घासलेले कप पुन्हा घासले.

मंगळवारी मोजणीवाले आले. पन्नाशीचे, टक्कल पडलेले, बस लागण्याचा त्रास असलेले गृहस्थ. पुढच्या सीटवर एका हातात वही, दुसऱ्या हातात नाकाशी धरलेलं लिंबू. आमच्या थांब्यावर दोन माणसं चढली. त्यातलं एक चुकून.

बुधवारी सकाळी आत्या स्वतः टपरीवर गेली. "आज मोजणी आहे. गोदामामागे जाऊन उभे राहा."

"राहतो की," टपरीवाला सगळ्यांच्या वतीनं म्हणाला. "टोले पडले की उठतोच."

"टोले पडणार नाहीत."

"मग तेव्हाच बघू."

"कधी? पडणार नाहीत तेव्हा?"

यावर सगळे विचारात पडले. विचार चालू असताना बस येऊन गेली. तीन माणसं.

त्या दुपारी परतीच्या बसनं मी सुट्टीसाठी पोचले, एकटीच उतरले. आत्या फलाटावरच्या बाकावर नियमांचं जाड पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती.

"पंधरा त्रिक किती गं?" तिनं वर न बघता विचारलं.

"पंचेचाळीस."

"त्यातून पाच गेले. उद्या चाळीस चढली पाहिजेत." मग पुस्तक माझ्याकडे सरकवून तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "हे मोठ्यानं वाच. माझ्या सोयीचं मलाच दिसतंय की खरंच लिहिलंय, ते बघू."

मी वाचलं. मागील स्थानकातून रुळावर कोणतेही वाहन सुटल्याची सूचना मिळताच घंटेचे तीन टोले द्यावेत.

"प्रवासी गाडी असं कुठं म्हटलंय?"

"नाही."

"इंजिन?"

"नाही."

ती उठून आत गेली आणि तिनं मागच्या मास्तरांना फोन लावला. एकोणीस वर्षं दोघं रोज बोलत होते, एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

"मास्तर, उद्या गुरुवार. रूळ तपासायची ट्रॉली निघते ना?"

"दहाला. दोन माणसं ढकलतात. का हो बाई?"

"तुमच्या दारातून बस हलेल, त्याच मिनिटाला ट्रॉली सोडा."

"एवढी वर्षं ट्रॉलीला तुम्ही कधी टोले दिले नाहीत."

"चुकलंच ते. आता नियम वाचलाय."

"ढकलणारे कुरकुर करतील," मास्तर म्हणाले. "पण सोडतो."

राहिली एक अडचण. टोले पडले की गावाचे पाय फलाटाकडेच वळणार आणि बस असणार गोदामामागे. आत्यानं पुन्हा पुस्तक उघडलं. घंटा प्रवाशांना स्पष्ट ऐकू येईल अशा जागी टांगावी, एवढंच त्यात होतं. जागा दिलेली नव्हती.

गुरुवारी सकाळी सातला आतोबा आणि आत्या रुळाचा तुकडा दोन्हीकडून धरून गोदामाकडे चालले होते. मी साखळी आणि बोल्ट घेऊन मागे.

"बावीस किलो तरी असेल," आतोबा म्हणाले. "स्वतःच्या धंद्यावर मारायचा दगड माणूस स्वतःच वाहून नेतोय, असं पाहिलंस का कधी?"

"बोलू नका, दम लागेल."

गोदामाच्या कोपऱ्यावर माल उचलायचा एक हूक होता. त्याला तुकडा लटकवला. आतोबा दुकानात जाऊन बसले. आत्या फोनपाशी थांबली. आठ सत्तावीसला फोन वाजला.

"सोडली. बसही हलली."

"घेतली," आत्या म्हणाली आणि साडी खोचून गोदामाकडे पळाली. पळताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तीन टोले पडले. सात महिन्यांनी.

टपरीवरचे सगळे उठले आणि फलाटाकडे निघाले. दहाबारा पावलांवर थांबले. पाय एकीकडे जात होते आणि आवाज दुसरीकडून आला होता. क्षणभर अख्खं गाव रस्त्यात उभं होतं. मग वळलं. शिक्षिका आल्या, हातात वह्यांचा गठ्ठा. दुधवाला आला, ओढ्यापलीकडची म्हातारी आणि तिची सून आली. सगळ्यांत मागे गळ्यात टॉवेल असलेले, अर्धी दाढी झालेले तेच गृहस्थ. त्यांनी आत्याकडे पाहिलं.

"या वेळी खरं आहे," आत्या म्हणाली.

बस आली आणि ते टॉवेल सावरत सगळ्यांबरोबर चढले.

आत्यानं मलाही आत ढकललं. मोजणीवाले लिंबू नाकाशी धरून पेन्सिलीनं रेघा मारत होते. रेघा संपल्यावर त्यांनी पेन्सिल कानावर खोचली.

"एकोणचाळीस. चला."

खिडकीतून मला आत्या दिसत होती. तिला चढता येत नव्हतं. ट्रॉली निघालेली होती आणि निशाण दाखवायला फलाटावर तिच्याशिवाय दुसरं माणूस नव्हतं. आतोबा टोल्यांचा आवाज ऐकून दुकानाबाहेर आले होते आणि गोदामाच्या भिंतीला टेकून उभे होते, भिंग कपाळावर. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. चालकानं गिअर टाकला.

"शर्ट तरी बदलू द्यायचा होता," आतोबा म्हणाले आणि पायरीवर चढले.

मोजणीवाल्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "कुठं जायचंय?"

"पुढं."

"काम काय?"

"तुम्ही माणसं मोजता की कामं?"

मोजणीवाल्यांनी रेघ मारली. बस हलली. मागे वळून पाहिलं तेव्हा आत्या हिरवं निशाण उघडत फलाटाकडे पळत होती.

आतोबा माझ्याशेजारी उभे होते. गाव मागे पडल्यावर म्हणाले, "दुकान उघडं राहिलंय."

तालुक्याच्या ठिकाणी त्यांना काहीच काम नव्हतं. आम्ही बाजारातून दोनदा चक्कर मारली. तिथं तीन घड्याळजी होते. आतोबा प्रत्येकाच्या दुकानासमोर थोडा वेळ थांबले. संध्याकाळी घरी पोचल्यावर आत्यानं दारातच विचारलं, "काय पाहिलंत?"

"तीन घड्याळजी. तिघंही झोपलेले."

आत्यानं त्यांच्या कपाळावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि पाट मांडला. त्या रात्री जेवताना शीळ नव्हती, पण त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

महिन्याभरानं पत्र आलं. सरासरी बरोबर पंधरा, थांबा कायम. पूल अजून तसाच आहे. रुळाचा तुकडा गोदामाच्या कोपऱ्यावरच टांगलेला असतो. ट्रॉली आता रोज सकाळी निघते, रूळ रोज तपासले पाहिजेत असं ढकलणाऱ्यांचं मत झालं आहे. मास्तर त्यांना चहा पाजतात, एवढं मला माहीत आहे.

अकरांपैकी दोनच घड्याळं लोक परत घेऊन गेले. उरलेली नऊ आतोबांच्या भिंतीवर आहेत. ते रोज सकाळी सगळ्यांना किल्ली देतात आणि टोले पडले की भिंग कपाळावर सरकवून बाहेर येतात, बस भरली का ते बघायला.