शेवगावच्या दूध केंद्राचा कॉम्प्रेसर

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. आता ती नाही. घरात मी आणि फ्रिज, एवढेच. तो घरघरायला लागला की मला — हसू नका — रंगनाथ आठवतो.

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. शेवगावजवळ दूध थंड करायचं केंद्र उभं राहत होतं. त्याचा कॉम्प्रेसर निवडायचं काम माझ्याकडे. मी नवा इंजिनिअर, जरा तोऱ्यातच होतो. दिवसाचं सगळं दूध धरलं, चोवीस तासांवर वाटलं आणि तेवढ्या ताकदीचं मशीन ठरवलं. रंगनाथ तिथला ऑपरेटर, बेलापूरला बर्फाच्या कारखान्यात मशीनवर हात काळे केलेला, माझ्याहून वयाने मोठा. माझा कागद बघून म्हणाला, "सायेब, दूध दिसभर येत न्हाई. समदी गावं सकाळ-सांजच्या दोन तासांत घालत्यात, अन् तेबी धारंचं, गरम. ह्ये मशीन बारीक पडंल. दुप्पट घ्या."

चार माणसांसमोर म्हणाला. तेवढंच लागलं मला — दुसरं काय? घरी जाऊन हिशेब पुन्हा केला. त्याचं बरोबर होतं. तरीही मी ऑर्डर बदलली नाही.

थंडीत निभावलं. वैशाखात मशीन धापा टाकायला लागलं आणि एके दिवशी टाकीतलं सगळं दूध नासलं. ओढ्यात ओतावं लागलं. चौकशी झाली. मी काय लिहून दिलं? — मशीन योग्य आहे, ऑपरेटरने ते वेळेवर चालू केलं नाही. खाली सही केली.

रंगनाथला काढलं. किल्ली द्यायला आला तेव्हा वाटलं, आता हा शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "सायेब, नव्या मानसाला सांगा, दूध यायच्या आदी तासभर मशीन लावीत जा. म्या रोज तसंच करीत हुतो."

मी मान हलवली. किल्ली ठेवून घेतली.

पुढच्या वर्षी मी नवं मशीन मागवलं — दुप्पट. ते उत्तम चाललं, माझं कौतुक झालं, आणि मी ते करून घेतलं. रंगनाथ कोपरगावकडे ऊसतोडीला गेल्याचं कानावर आलं होतं. त्या वाटेने पुढे मी कितीदा तरी एसटीने गेलो. खिडकीतून उसाचे फड दिसायचे, वाकलेली माणसं दिसायची. मी एकदाही उतरलो नाही.