नांदगावहून आलेली पत्रं

नवीन माणूस रुजू झाला की आमच्या कार्यालयात पेढे मागतात. शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे मागतात, आणि कुणी दोन दिवस टाळाटाळ केली तर जाता-येता टोमणे मारून वसूल करतात. माझ्याकडे कुणी मागितले नाहीत. मला ही नोकरी नवरा गेल्यामुळे मिळाली होती, अनुकंपा तत्त्वावर, आणि तीही त्यांच्याच कार्यालयात, ते ज्या मोठ्या खोलीत बसायचे तिथेच. पेढे कशाचे मागणार?

यापुढे मी त्यांना ‘हे’च म्हणेन. सोळा वर्षांत दुसरं काही म्हटलं नाही, आता कशाला बदलायचं.

हे गेले तेव्हा मुलगी आठवीत होती. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, रिक्षा बोलावली, दवाखान्याच्या दारात सगळं संपलं. त्यानंतर दीड वर्ष मी कागद गोळा करत हिंडले: मृत्यूचा दाखला, वारस दाखला, हमीपत्र, प्रतिज्ञापत्र. दिवाळी झाल्यावर नेमणुकीची ऑर्डर आली, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “नशीब काढलंस गं, सरकारी नोकरी!” त्यांच्या हातात चहाचा कप मीच दिलेला होता, म्हणून गप्प बसले. पण तो कप काढून घ्यावासा वाटला हे खरं आहे.

मी बी.कॉम. झाले त्याला अठरा वर्षं होऊन गेली होती. एवढ्या वर्षांत मी घराबाहेर केलेलं एकमेव काम म्हणजे सोसायटीतल्या चार मुलांच्या शिकवण्या. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सकाळी कणीक भिजवताना मीठ घातलं की नाही, हे मला आठवायचं नाही. दोनदा उलटी झाली, तर मुलीला पित्त झालंय म्हणून सांगितलं. आम्ही राहतो नाशिकरोडला. शेअर रिक्षातून द्वारका चौकापर्यंत पोचले की मी राहिलेले थांबे मोजायला लागायचे आणि सीबीएस स्टँडवर उतरताना वाटायचं, इथूनच परतीची रिक्षा धरावी. आईने पर्समध्ये अंगाऱ्याची पुडी ठेवली होती. तिचा उपयोग एवढाच झाला की रुमालाला कायम राख लागायची.

मला कशाची भीती वाटत होती ते नीट सांगायला हवं, कारण तेव्हा कुणी विचारलं तर मी “काही नाही हो” एवढंच म्हणत असे. टेबलावरचा फोन वाजला की मी कपाटात काहीतरी शोधत असल्याचं नाटक करायचे. कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग करताना शेजारच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या तर जोडाक्षरं सापडेनाशी व्हायची. अकरा वाजता आणि तीन वाजता मी बाथरूममध्ये जाऊन नुसती उभी राहत असे. शंभरपर्यंत आकडे मोजायचे, तोंडावर पाणी मारायचं आणि परत यायचं. नोकरी अजून पक्की नव्हती. दोन वर्षांत टायपिंगची परीक्षा पास व्हायची होती, आणि तेवढ्यात एखादी मोठी चूक झाली, मेमो निघाला, तर घरात दुसरी मिळकत नव्हती. यांच्या मरणाने मिळालेली एकच नोकरी. ती घालवली तर पुन्हा कुणी मरणार नव्हतं. असले विचार मी रिक्षात बसून करायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे.

त्यात सगळ्यांचा चांगुलपणा. “वहिनी, त्यांच्या टेबलावर कागद कधी शिळा व्हायचा नाही,” हेडक्लार्क सांगायचे. मॅडम म्हणायच्या, “त्यांना फाईल दिली की आम्ही विसरून जायचो, इतका भरवसा.” धीर देण्यासाठीच बोलायचे बिचारे. माझा मात्र प्रत्येक वाक्यागणिक धीर सुटायचा. घरी दुधाची पिशवी आणायला विसरणारा माणूस इथे असा होता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता त्या माणसाची बरोबरी मी करायची होती, दोन बोटांनी टाइप करून.

मला टेबल दिलं आवकचं. बाहेरून आलेलं पत्र फोडायचं, त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि साहेबांसमोर ठेवायचं. साहेब कोपऱ्यात लिहितात की ते कुणाच्या टेबलाला जाणार. सोपं काम, नवीन माणसाला देतात. पण त्यात एक मेख आहे. ज्या पत्राची आवकला नोंद झाली नाही, ते पत्र सरकारी हिशेबी आलेलंच नसतं.

दुसऱ्याच आठवड्यात नांदगावच्या आमच्या उपकार्यालयाचा एक लिफाफा आला. वर साहेबांचा हुद्दा, आणि खाली उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईने यांचं पूर्ण नाव: “श्री. अमुक अमुक, यांचेकडे.” मी तो हातात धरून बसले. आदल्या दीड वर्षात यांचं नाव मी शेकडो वेळा पाहिलं होतं, पण प्रत्येक ठिकाणी त्याच्या आधी ‘कै.’ होतं. बँकेत, दाखल्यांवर, माझ्या स्वतःच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर. इथे नुसतं ‘श्री.’ होतं. नांदगावात कुणालातरी अजून पत्ता नव्हता. तिथल्या कुठल्याशा टेबलापाशी हे जिवंत होते, आणि कुणीतरी त्यांच्या उत्तराची वाट बघत होतं.

मी आजूबाजूला बघितलं आणि तो लिफाफा न फोडता पर्समध्ये टाकला.

चोरी म्हणा हवं तर. तेव्हा मला ती चोरी वाटली नाही. त्या दिवशी तीन वाजता मी बाथरूममध्ये गेले नाही. पर्समध्ये हात घालून लिफाफ्याचा कोपरा चाचपला आणि बरं वाटलं. मग ती सवयच लागली. फोन वाजला, साहेबांनी बोलावलं, कुणी मोठ्या आवाजात बोललं की आधी पर्समध्ये हात. जानेवारीअखेरीस तसाच दुसरा लिफाफा आला, तोही आत गेला. हळूहळू मला फोन उचलता यायला लागला, टायपिंगला वेग आला. साहेब एकदा म्हणाले, “जमतंय तुम्हाला.” सगळ्यांना वाटलं मी रुळले. मी दोन न फोडलेल्या पाकिटांच्या जोरावर रुळले होते.

त्यात काय असेल हे मनात यायचं. उघडायची हिंमत नव्हती. उघडलं असतं तर ते कामाचं पत्र झालं असतं.

फेब्रुवारीत एक दिवस दुपारी पन्नाशीच्या एक बाई आल्या. पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. नांदगावच्या कार्यालयात शिपाई आहे म्हणाल्या, सकाळच्या गाडीने आले. आणि यांचं आडनाव घेऊन मलाच विचारलं, “ते साहेब नाय का आज? रजेवर हायेत का?”

मी हातातला शिक्का खाली ठेवला. त्या पुढे सांगत राहिल्या. “माझं सर्व्हिस बुक त्यांच्याकडं दिलेलं हाय, तपासायला. लय दिवस झाले. मालकाला अर्धांग झालाय, ते सायखेड्याला जावेजवळ अंथरुणात पडून हायेत, मी तिकडं नांदगावला. निफाडला बदली मागितली तर म्हणतेत, आधी पुस्तक आणा. मागं आले तवा त्या साहेबांनी चहा पाजला मला. म्हणले, मावशी, काळजी करू नका, पुस्तक माझ्याजवळ हाय.”

हेडक्लार्क उठून आले. खाली बघत म्हणाले, “मावशी, ते वारले. दोन वर्षं होतील आता. या त्यांच्या मिसेस.”

बाईंनी तोंडावर पदर धरला. मग टेबलावरचा माझा हात धरला. “अगं बाई,” त्या म्हणाल्या. “मंग माझ्या पुस्तकाची पत्रं तुमच्याच हातात येत असतील.”

त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. त्यांना आपलं बरंच वाटलं असावं, की बाईमाणसाच्या हातात आहेत म्हणजे नीट असतील. हेडक्लार्क म्हणाले, “कसली पत्रं? नांदगावचं याबद्दल काही आलेलं नाही,” आणि माझं रजिस्टर ओढून पानं उलटायला लागले. ते एकेक ओळ बोटाने बघत होते. मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पोस्टात गहाळ झाली असतील, एवढं वाक्य पुरलं असतं. पण माझा हात त्या बाईंच्या हातात होता. मी दुसऱ्या हाताने पर्स उघडली आणि दोन्ही लिफाफे टेबलावर ठेवले.

हेडक्लार्कांनी लिफाफे उलटसुलट पाहिले, कोपऱ्यातलं नाव वाचलं, आणि मला वाटतं, त्यांच्या लक्षात आलं. पण नियम म्हणजे नियम, ते लिफाफे घेऊन साहेबांकडे गेले. ती दहा मिनिटं मी उभीच होते. मेमो, चौकशी, मुलीची दहावी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. साहेबांनी मला आत बोलावलं, पण बसा म्हणाले नाहीत. “आजच्या तारखेने दोन्ही आवक करा. पुस्तक शोधा आणि काम पूर्ण करून द्या. तुमच्याच हातून व्हायला हवं ते. पुन्हा असं झालं तर मला लेखी विचारावं लागेल.” मी हो म्हटलं. त्यांनी एवढ्यावर सोडलं ते यांच्या पुण्याईवर, हे मला कळत होतं, आणि त्याचाही त्रासच झाला.

पुस्तक यांच्या जुन्या कपाटातच सापडलं, तळच्या खणात, लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात. मी ते मोठ्या आशेने उघडलं. वाटलं होतं, सगळ्या नोंदी तपासून तयार असतील, फक्त सही राहिली असेल. आत काहीच झालेलं नव्हतं. बाईंचा अर्ज जसाच्या तसा पिनने लावलेला, त्यावर यांच्या हातची पोच आणि तारीख. मी बोटांवर महिने मोजले. हे गेले त्याच्या सात महिने आधीची तारीख. “राहिलं असेल गडबडीत,” मॅडम हळूच म्हणाल्या.

सात महिने कसली गडबड असते?

हे गेल्यापासून पहिल्यांदा मी यांच्यावर चिडले. मनातल्या मनात कडाकडा भांडले. हिला चहा पाजलात, काळजी करू नका म्हणालात, आणि पुस्तक बासनात गुंडाळून ठेवलंत! आणि इथे मी रोज तुमच्या नावाने दचकतेय. भांडून झाल्यावर मला एकदम हलकं वाटलं. तो काही देवमाणूस नव्हता, दुधाची पिशवी विसरणाराच माणूस होता. पण त्या हलकेपणाची मला लगेच लाज वाटली. माझ्यात आणि यांच्यात फरक नव्हता. एका बाईचे तिच्या आजारी माणसाजवळचे दिवस आम्ही नवरा-बायकोने मिळून खाल्ले होते.

मॅडमना विचारून विचारून मी आठ दिवसांत सगळ्या नोंदी पूर्ण केल्या. पुढे मे महिन्यात बाईंची बदली झाली. मालक त्यांना ओळखण्याच्या अवस्थेत होते की नव्हते, हे विचारायचं धाडस मात्र मला झालं नाही.

पुस्तकासोबत नांदगावला पाठवायचं पत्रही मीच तयार करायचं होतं. ती दोन्ही पत्रं आवक करताना फोडली तेव्हाच कळलं होतं की दोन्हींचा मजकूर एकच आहे, फक्त तारीख बदललेली. तिथला कारकून दर वेळी जुनंच पत्र काढून छापत होता. म्हणजे तिथल्या टेबलापाशी कुणी यांची वाट बघत नव्हतं. सवयीने नाव चालू राहिलं होतं, एवढंच. मी टाइप करायला बसले. मूळ सेवापुस्तक नोंदी पूर्ण करून सोबत परत पाठवण्यात येत आहे, इथपर्यंत आलं. मग थांबले. हेडक्लार्क मागून म्हणाले, “वहिनी, पुढचं मी घालतो वाटल्यास.” मी नको म्हटलं. दोन बोटांनी, एकही अक्षर न चुकवता लिहिलं: “या कार्यालयातील श्री. अमुक अमुक हे मयत झालेले असल्याने, यापुढील पत्रव्यवहार त्यांचे नावे करण्यात येऊ नये.”

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, दाखल्यावर दुसऱ्या कुणी लिहिलं होतं. मी स्वतः ते वाक्य कधी लिहिलं नव्हतं. साहेबांची सही झाली, जावक नंबर पडला, चारच्या टपालात पत्र गेलं.

तीन आठवड्यांनी नांदगावचा लिफाफा आला. कुठल्यातरी मासिक अहवालाचं पत्र होतं. उजवा कोपरा कोरा होता. मी लिफाफा फोडला, शिक्का मारला, नंबर टाकला, रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात नोंद केली. फोन वाजला तो उचलला, समोरच्याला नीट उत्तर दिलं. मग मॅडमना म्हटलं, जरा पाणी पिऊन येते, आणि जिन्यात जाऊन रडले.